कार्बोरेटर आणि आत्याचं नाक

आमच्या आत्याला गावात 'नाकवाली' म्हणत, आणि ते चेष्टेनं नव्हे, मानानं म्हणत. तिचं नाक काही धारदार नव्हतं, उलट जरा बसकंच होतं. पण बंद पडलेली गाडी समोर आली की पाना उचलायच्या आधी ती इंजिनाशी वाकायची, डोळे मिटून एकदा हुंगायची आणि निकाल द्यायची. पेट्रोल शिळं झालंय. ऑइल जळतंय. वायरीचं आवरण तापलंय, आज ना उद्या धूर निघेल. गिऱ्हाईक आधी हसायचं, आणि गाडी उघडल्यावर गप्प व्हायचं.

तिचं गॅरेज आमच्या घराच्या तळमजल्यावर होतं. वर आम्ही राहायचो. आई, मी, आणि लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारे, घरी पाहुण्यासारखे येणारे बाबा. मी पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून कपडे शिवायचे, त्यामुळे खालचं निम्मं बोलणं आपोआप माझ्या कानावर यायचं. आत्याकडे ट्रक-मोटारी येत नसत. तिचं काम लहान इंजिनांचं, आणि त्यातही मुख्यतः त्या चार फुगीर टायरांच्या, मोटरसायकलसारखं हँडल असलेल्या गाड्यांचं. कागदोपत्री त्यांना क्वाड म्हणतात. आमच्याकडे बेडूक. दिसायला तशीच बसकी आणि दगडांवरून उड्या मारत जाणारी. डोंगराच्या बाजूला रस्ता म्हणावा असा रस्ताच नाही, त्यामुळे खाणीचा मुकादम काय, वरच्या बागांचे मालक काय, सगळे बेडकावर बसूनच जात. आणि बेडूक रुसला की आत्याकडे येत.

रुसण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असायचं. कार्बोरेटर. इंजिनाच्या तोंडाशी बसवलेली ती एक छोटी वाटी असते असं समजा. टाकीतलं पेट्रोल आधी त्या वाटीत येतं. वाटीत एक हलका फ्लोट तरंगतो. वाटी भरत आली की फ्लोट वर उचलला जातो, त्याच्याबरोबर एक बारीक सुई वर जाते आणि पेट्रोलची वाट बंद करते. एवढाच खेळ. पण डोंगरातली धूळ, हादरे आणि आडवेतिडवे उतार यांत ती सुई कधी नीट बसत नाही. मग वाटी ओसंडते, इंजिनात नको इतकं पेट्रोल शिरतं, ठिणगी पाडणारा प्लग चिंब भिजतो, आणि नंतर तुम्ही बटण दाबत बसा नाहीतर देवाचं नाव घेत बसा, गाडी काही चालू होत नाही. आत्याच्या भाषेत, 'बेडकाला जास्त झाली.'

आई आणि आत्या यांचं वाजायचं ते पेट्रोलवरूनच. आईला त्याचा वास मुळीच सहन होत नसे. डोकं धरायची. खालून जिन्यात जरा वास आला तरी वरच्या सगळ्या खिडक्या उघडायची. आत्या तिला चिडवायची की वहिनी, तुम्ही चुकून या घरात पडलात, तुम्हाला अत्तराच्या दुकानात द्यायला हवं होतं. आई उलट म्हणायची की वन्सं, तुम्हाला तर लहानपणी दुधाऐवजी पेट्रोलच पाजलं असणार. असं चालायचं. दोघी एकमेकींच्या अंगवळणी पडलेल्या होत्या.

मग एका हिवाळ्याच्या अखेरीस आत्या तापानं पडली. बरेच दिवस अंथरुणात होती. उठली तेव्हा चेहरा उतरला होता, पण दोन-चार दिवसांत खाली जाऊन शटर उघडलं आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. काही बिघडलं असेल असं आमच्या मनातही आलं नाही.

ते कळलं दुधामुळे. आई दूध गॅसवर ठेवून शेजारी गेली होती आणि आत्याला लक्ष ठेवायला सांगून गेली होती. आत्या शेगडीकडे पाठ करून स्वयंपाकघरातच एका जुन्या इंजिनाचं माहितीपत्रक वाचत बसली. मी शिवत होते, खोलीचं दार बंद होतं. आई परत आली ती जिन्यातूनच धावत. भांडं काळंठिक्कर पडलेलं, घरभर करपट धूर, आणि आत्या त्यात पाठमोरी शांत बसलेली.

"वन्सं, वास नाही आला तुम्हाला?"

आत्यानं वळून भांड्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"नाही येत, वहिनी. तापापासून कसलाच येत नाही."

मी दारात उभी होते. आत्याला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही ती रडली नाही. पण भांडं घासायला तिनं घेतलं आणि ते घासत ती किती वेळ उभी राहिली याला सुमार नाही. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, तेही आम्हाला न सांगता. परत येईल, कदाचित नाही येणार, असं त्यांनी सांगितलं होतं. म्हणजे ज्याच्या जिवावर तिनं गाव जिंकलं, तेच गेलं होतं, आणि ती रोज खाली जाऊन डोळे मिटून, वाकून, हुंगल्याचं नाटक करत होती.

त्या संध्याकाळी आई खाली गेली. गॅरेजमध्ये ती सहसा पाऊल टाकत नसे. दारातच तिनं नाकाला रुमाल लावला, मग काही विचार करून तो काढून टाकला आणि कोपऱ्या-कोपऱ्यातून फिरली. बाकाखाली एका डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं. पेट्रोलची वाफ खालच्या खाली साचलेली, आणि हातभर अंतरावर वेल्डिंगचं सामान. आईनं झाकण घट्ट केलं, शटर वर सरकवून हवा खेळती केली, आणि वर येऊन एवढंच सांगितलं की उद्यापासून सकाळी आधी मी खाली जाईन, मी हो म्हटल्याशिवाय वन्संनी काडी ओढायची नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती जाऊ लागली, आणि मग सकाळपुरतीच राहिली नाही. आत्याला गिऱ्हाइकांपुढे कबूल करायचं नव्हतं. नाकवालीचं नाक गेलं हे गावभर झालं तर गाड्या कोण आणेल, ही तिची भीती. तेव्हा दोघींनी एक युक्ती काढली. गाडी आली की आई काहीतरी निमित्त काढून खाली उतरायची, कधी चहा घेऊन, कधी किल्ली शोधत. आत्या वाकायची, आई तिच्यामागून जायची आणि खोकायची. एकदा खोकली तर कच्चं पेट्रोल. दोनदा खोकली तर जळकं ऑइल. नुसता घसा खाकरला तर काही नाही, चालू द्या. मला वरून ऐकू यायचं आणि हसू आवरता आवरायचं नाही. पुढे पुढे मुकादमाला आईची इतकी काळजी वाटू लागली की त्यानं मोठ्या आपुलकीनं खोकल्याच्या औषधाची बाटली आणून दिली. आईनं ती घेतली आणि आभार मानले. डोकं धरणारी ही बाई, जिला पेट्रोलच्या नावानं मळमळायचं, ती आता दिवसभर त्यातच उभी असायची आणि रात्री डोक्याला बाम चोळायची. याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही.

हे बरं चाललं होतं, तोवर सिस्टरचा बेडूक आला.

सिस्टर म्हणजे आमच्या गावातल्या दवाखान्यातली परिचारिका. उंच, मोठ्या ढांगा टाकणारी, मोजकं बोलणारी. ओढ्यापलीकडे डोंगराच्या माथ्यावर एक वस्ती आहे, मेंढपाळांची. तिथं ती ठरल्या दिवशी औषधं घेऊन जायची. दवाखान्यानं तिला एक बेडूक दिला होता आणि त्याच्यामागे जोडायची छोटी ट्रॉली, कुणाला खाली आणायचं झालं तर निजवून आणता यावं म्हणून. तक्रार अशी होती की गाडी वर मजेत चढते, पण वस्तीत घरं बघून परत निघायच्या वेळी चालू होत नाही. खालून पेट्रोल ठिबकतं. बराच वेळ तशीच ठेवली की मग कधीतरी चालू होते, नाहीतर होतच नाही. एकदा तर ती औषधाची पेटी डोक्यावर घेऊन चालत खाली उतरली होती.

आत्यानं कार्बोरेटर उतरवला, स्वच्छ केला, फ्लोट गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का पाहिलं, म्हणजे त्याला भोक नाही ना ते कळतं. सुई नवी टाकली. गाडी चालवून पाहिली, आईनं घसा खाकरला, गाडी गेली. आणि पुढच्या खेपेला वरून तीच तक्रार घेऊन परत आली. आत्यानं सुई बसते ती जागा घासून पुन्हा बसवली, फ्लोटची उंची मोजून नीट केली. गॅरेजमध्ये गाडी कशी शहाण्यासारखी वागली. वर जाऊन पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आली तेव्हा सिस्टरनं तक्रारीच्या सुरात नाही, नुसतं सांगितलं की दवाखान्याचे मोठे डॉक्टर म्हणतायत, भरवशाची गाडी मिळेपर्यंत वरच्या वस्तीची फेरी बंद ठेवा. भरवशाची गाडी कधी मिळणार, हे तिनं सांगितलं नाही आणि आत्यानंही विचारलं नाही.

त्या दिवशी आत्या जेवायला बसली आणि ताट तसंच सारून उठली. मी मागोमाग गेले. तिचं एकच चाललं होतं, की पूर्वीचं नाक असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, मी लोकांना फसवतेय, एका दवाखान्याच्या गाडीशी खेळ करतेय. आईच म्हणाली की वन्सं, माझ्या नाकाला इथं काही लागत नाही, कारण इथं काही होतच नाहीये. जे होतंय ते वर होतंय.

आत्या म्हणाली, "बरोबर आहे. जिथं रुसते तिथंच जाऊन विचारलं पाहिजे."

आईनं लगेच मीही येते म्हणून सांगितलं. गाडीवर दोघींपुरतीच जागा. आई ट्रॉलीत बसायला तयार होती, पण तिथं औषधाच्या पेट्या. शेवटी आत्या एकटीच सिस्टरच्या मागे बसून गेली, पाने-पकडींची पिशवी पोटाशी धरून, आणि नाक नसताना. आई फाटकात उभी राहून धूळ खाली बसेपर्यंत बघत होती.

वर काय घडलं ते मला आत्याकडून थोडं आणि सिस्टरकडून पुष्कळ कळलं.

चढ मोठा. ओढा कोरडा होता पण त्यातले गोटे हलते. पुढे तर गाडी पहिल्या गिअरमध्येच कण्हत चढते, आणि इंजिन असं तापतं की पायाला चटके बसतात. आत्या सगळ्या वाटेवर फक्त ऐकत होती. आवाजात खोट नव्हती. वस्तीत पोचल्यावर सिस्टरनं नेहमीच्या जागी, एका दगडी कुंपणाशी, गाडी बंद केली आणि ती घरं फिरायला गेली. आत्या गाडीजवळ उन्हात बसून राहिली.

सिस्टर परत आली ती घाईनं. वस्तीतल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाच्या पायावर कुंपणाचा दगड पडला होता, त्यालाही बरेच दिवस झालेले. कुणाला सांगायचं नाही म्हणून त्यानं जखम फडक्यात बांधून ठेवली होती. आता पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता, अंगात ताप होता. आजच्या आज खाली न्यायला हवं होतं. त्याच्या सुनेनं आणि सिस्टरनं त्याला उचलून ट्रॉलीत निजवलं. सिस्टरनं बटण दाबलं. इंजिन नुसतं घरघरलं. पुन्हा दाबलं. पुन्हा घरघर. कार्बोरेटरखालून थेंब पडू लागले.

"पेट्रोलचा वास किती सुटलाय बघा," सिस्टर म्हणाली. "तुम्हाला तर कुठून येतोय तेही कळत असेल."

इथं आत्या नेहमीसारखी वाकून मान हलवू शकली असती. आई नव्हती, खोकणारं कुणी नव्हतं, पण सिस्टरला काय कळणार होतं. आत्यानं तसं केलं नाही.

"सिस्टर, मला वास येत नाही. तापात गेला तो आलाच नाही. तुमच्या गाडीत जे हुंगलं ते आमच्या वहिनीनं."

सिस्टरनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग ती गुडघे टेकून खाली बसली, इंजिनाशी नाक नेलं आणि एकेक जागा सांगू लागली. इथं थोडा. इथं नाही. इथं, हवा आत जाते त्या तोंडाशी, भरपूर. आत्यानं ऐकून घेतलं. म्हणजे पेट्रोल वाटीच्या काठावरून बाहेर सांडत नव्हतं, आतल्या जेटमधूनच, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या बारीक भोकातूनच, इंजिनाच्या घशात चढत होतं. पण का चढत होतं, हे सिस्टरचं नाक सांगू शकत नव्हतं, आणि आत्याच्या लक्षात आलं की तिचं स्वतःचं जुनं नाकही सांगू शकलं नसतं. पेट्रोल जास्त झालंय एवढं तर ठिबकणारे थेंबही सांगत होते. त्या क्षणी, असं आत्या नंतर मला म्हणाली, तिच्या छातीवरचं काहीतरी उतरलं.

तिनं सिस्टरला विचारलं की तुमच्याकडे सलाईनची नळी असते ना, ती पारदर्शक. सिस्टरनं पेटीतून नवी नळी काढली आणि कात्रीनं हवी तेवढी कापून दिली.

ही पद्धत आत्याला फार पूर्वीपासून माहीत होती, पण नाक होतं तोवर कधी लागली नव्हती. कार्बोरेटरच्या वाटीला तळाशी पेट्रोल काढून टाकायचं एक बारीक तोंड असतं. त्याला नळी लावायची, नळीचं दुसरं टोक वर उचलून कार्बोरेटरच्या अंगाशी धरायचं, आणि तळाचा स्क्रू सैल करायचा. वाटीत पेट्रोल जिथपर्यंत आहे तिथपर्यंतच ते नळीत चढतं. बंद वाटीच्या आत काय चाललंय ते असं बाहेरून डोळ्यांनी दिसतं. वाटी जिथं वरच्या भागाला जोडलेली असते त्या जोडाच्या जरा खाली पातळी थांबली तर सुई आणि फ्लोट ठीक. वर गेली तर सुई गळतेय.

आत्यानं सुनेला घरातली चूल विझवून यायला सांगितलं, मग स्क्रू सैल केला. पेट्रोल नळीत चढू लागलं. जोडापर्यंत आलं, तिथं थांबलं नाही. वर चढलं. आणखी चढलं. वाटीच्या माथ्याच्याही वर, चांगलं वीतभर.

ट्रॉलीत पडलेल्या म्हाताऱ्यानं मान उचलून विचारलं की मेंढी अडली की मी शिंगं धरतो, तुम्ही हे काय धरलंय. आत्या म्हणाली, नळी. म्हातारा म्हणाला की मग घट्ट धरा, माझा पाय तिला बांधलाय असं समजा.

आत्या नळीकडे बघत राहिली. सुई गळत असती तर वाटी भरून बाहेर वाहिली असती, पण नळीतलं पेट्रोल वाटीच्या माथ्यावर चढायला काहीच कारण नव्हतं. नळी आणि वाटी एकमेकींना जोडलेल्या, एकीत जेवढं तेवढंच दुसरीत. त्याहून वर चढायचं तर आतून कुणीतरी ढकलत असलं पाहिजे. कोण ढकलणार? वाफ. एवढा चढ चढून इंजिन तापलं, गाडी थांबली, वारा लागायचा बंद झाला, आणि तापल्या इंजिनाच्या कुशीत वाटीतलं पेट्रोल गरम होऊन त्याची वाफ झाली. ती बाहेर पडायला वाटीला एक श्वासाची नळी असते. वाटीच्या माथ्यावरून निघते आणि वर हँडलपर्यंत जाते, ओढ्यातलं पाणी शिरू नये म्हणून. जर ती नळीच बंद असेल, तर वाफ जाईल कुठं? ती पेट्रोललाच रेटणार, आणि पेट्रोल मिळेल त्या वाटेनं इंजिनात घुसणार. गॅरेजमध्ये गाडी इतकी तापतच नव्हती, म्हणून तिथं शहाण्यासारखी वागत होती. आणि आत्यानं दर वेळी कार्बोरेटर उतरवून साफ केला, पण श्वासाची नळी गाडीलाच लटकत राहायची. तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

तिनं ती श्वासाची नळी कार्बोरेटरवरून उपसली. फुस्स असा आवाज झाला आणि सलाईनच्या नळीतलं पेट्रोल सुळकन खाली आलं. जोडाच्या जरा खाली येऊन थांबलं, जिथं थांबायला हवं अगदी तिथं.

खात्री करायला तिनं नळी निघालेल्या त्या तोंडावर बोट दाबलं. थोड्या वेळात पातळी पुन्हा वर चढू लागली. बोट काढलं, उतरली. सिस्टर सांगते की मी इतकी वर्षं नाड्या मोजल्या, पण गाडीची नाडी हाताला लागलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आत्या मात्र हसली नाही. तिनं वर जाणारी नळी बोटांनी चाचपत चाचपत माग काढला. हँडलखाली, दिव्याच्या मागे, ती नळी संपत होती. आणि तिच्या तोंडात मातीचं बूच होतं. पिवळसर, गुळगुळीत, काठोकाठ बसवलेलं, एखाद्या कसबी गवंड्यानं कडा ओल्या बोटानं फिरवून घ्याव्यात तसं.

कुंभारीण माशीचं घर होतं ते. मागे कधीतरी गाडी शेडमध्ये पडून होती, तेव्हा तिनं ही जागा पसंत केली असणार. आत्यानं बारीक तारेनं बूच काढलं, आणि घाई असतानाही ते फेकलं नाही. सिस्टरला दाखवलं, की बघा, काय काम केलंय, आपल्याला रबराचंही इतकं फिट बसवता येत नाही. मग ते अलगद कुंपणाच्या दगडावर ठेवलं.

पुढचं सोपं होतं. प्लग काढला, सिस्टरच्या गॉजनं कोरडा केला. प्लग बाहेर असतानाच बटण दाबून इंजिनात साचलेलं पेट्रोल फुंकून काढलं. ऑइलची पट्टी काढून ऑइल दोन बोटांत चोळून पाहिलं, पेट्रोल मिसळून पातळ झालंय का. पूर्वी हेही ती हुंगून ठरवायची. बोटांना ते दाट लागलं, चिकट लागलं, तेव्हा समाधान झालं. प्लग परत लावला, जादा पेट्रोल देणारा चोक बंद ठेवला, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला आणि सिस्टरला बटण दाबायला सांगितलं. इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं, आणि मग एकदम मोकळ्या गळ्यानं चालू झालं. म्हाताऱ्यानं ट्रॉलीतून हात वर केला. सून त्याच्या उशाशी बसली, आणि आत्या उतारावर ट्रॉलीला मागून दोर धरून चालत आली, हादरे कमी बसावेत म्हणून. सगळा डोंगर ती चालत उतरली.

म्हाताऱ्याचा पाय वाचला. थोडा लंगडतो, पण मेंढ्यांमागे जातो. वरच्या वस्तीची फेरी बंद झाली नाही. सिस्टरचा बेडूक आजही जातो, आता श्वासाच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी आहे.

आत्यानं दुसऱ्या दिवशी मुकादमाला सांगून टाकलं की माझं नाक गेलंय. मुकादमाला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. आईच्या खोकल्याचंही गुपित फुटलं, आणि तो बिचारा मुकादम औषधाच्या बाटलीवरून कितीतरी दिवस सगळ्यांची चेष्टा ऐकून घेत होता. बहुतेकांनी काही मनावर घेतलं नाही. वरच्या एका बागेचा मालक मात्र नाकवालीचं नाक गेलं मग राहिलं काय असं म्हणून आपले बेडूक दुसरीकडे नेऊ लागला. तो परत आला नाही. आत्यानंही त्याचा विषय काढला नाही.

तिनं काम बदललं नाही, कामाची रीत बदलली. पारदर्शक नळ्यांचं एक भेंडोळं खिळ्याला लटकलं. गाडी आली की आता ती आधी ऐकते, मग बोटांनी चाचपते, मग नळी लावून बघते. गाडी गार असताना एकदा आणि चांगली तापवून एकदा. वेळ जास्त लागतो. पण ज्या गाड्या पूर्वी ती हुंगून, उघडून, नीट करून द्यायची आणि तरी वर्षात परत यायच्या, त्यांतल्या कितीतरी आता येत नाहीत. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर ती म्हणाली की नाक फार लवकर उत्तर द्यायचं गं, आणि उत्तर मिळालं की मी विचारायचं थांबवायचे. तिला मी जन्मल्यापासून बघतेय. गाव तिला नाकासाठी मानायचं. मी तिला मानते ते नाक गेल्यावर तिनं जे केलं त्यासाठी. आणि तितकंच आईला, जिनं डोकं दुखत असताना काही महिने दुसऱ्या बाईचं नाक होऊन काढले.

आई अजूनही रोज खाली जाते. आता चोरून खोकायची गरज नाही, स्टूल टाकून राजरोस बसते. परवा मुकादमाचा बेडूक तयार झाला, तेव्हा आत्याला तो लांबवर पळवून, तापवून बघायचा होता. तिनं आईला सांगितलं की मागे बसा, चालत्या गाडीत वास येतो का तेवढं सांगा. आई आयुष्यात कधी असल्या गाडीवर बसली नव्हती. आधी नाही म्हणाली, मग कपडे खराब होतील म्हणाली, मग बसली. आत्याच्या कमरेला तिनं दोन्ही हातांनी अशी मिठी मारली की आत्याला श्वास घेता येईना. मी दारात उभी होते. गाडी गल्लीच्या टोकाला गेली, आत्यानं वेग कमी केला आणि परत फिरायला हँडल वळवलं. तेवढ्यात आईचा आवाज ऐकू आला.

"वळू नका, वन्सं. वास काही येत नाहीये. त्या पुलापर्यंत जाऊ या."